पथ्यावरचा बकासुर

आमच्याकडे भारतातून पाहुणे आले, की बॅगा घरात घेतल्या घेतल्या त्यांना दोन गोष्टी सांगण्याची पद्धत आहे. एक म्हणजे वायफायचा पासवर्ड आणि दुसरी स्वयंपाकघरातली दोन बटणं. पासवर्ड ते चष्मा लावून वहीत उतरवून घेतात, मोठ्याने वाचून दाखवतात आणि आमची एक चूकही काढतात. बटणांकडे मात्र उभ्या उभ्या एक नजर टाकून "हो हो, कळलं" म्हणतात. घात होतो तो तिथे.

ही दोन बटणं सिंकच्या वरच्या भिंतीवर, एकाच पट्टीवर आहेत. दिसायला अगदी जुळी. डावं दिव्याचं. उजवं सिंकच्या बुडाशी बसवलेल्या, उष्टंखरकटं भरडून गटारात सोडणाऱ्या यंत्राचं. या यंत्राला इथे गार्बेज डिस्पोजल म्हणतात. आम्ही राहतो न्यू जर्सीत, एडिसनला. थॉमस एडिसनची विजेच्या दिव्यासाठी गाजलेली मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच गावच्या हद्दीत होती आणि 1954 साली गावाने आपलं जुनं नाव टाकून त्याचं नाव घेतलं. अशा गावात आमच्या घरी दिव्याचं बटण कोणतं हे आजवर एकाही पाहुण्याला पहिल्या फटक्यात सापडलेलं नाही.

सासरे आले त्या रात्रीची गोष्ट. जेट लॅगमुळे ते मध्यरात्री टक्क जागे झाले आणि पाणी प्यायला उठले. अंधारात त्यांनी अर्थातच उजवं बटण दाबलं. घरभर असा खडखडाट झाला की खालच्या मजल्यावर भट्टी फुटली असं समजून मी मुलाला आणि पासपोर्टांना घेऊन दारापर्यंत पोचलो होतो. बायको धावत स्वयंपाकघरात गेली.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही गं, दिवा लावला."

"मग हा आवाज कसला?"

"तेच म्हणतोय मी. तुमच्याकडे दिव्याला आवाज फार आहे. आणि उजेड काहीच नाही."

त्या वेळी यंत्रात चहाचा चमचा होता. सकाळी तो बाहेर काढला. सासऱ्यांनी त्याचा वेडावाकडा झालेला दांडा उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "इथलं स्टील काही खास नाही हं." चमचा त्यांनीच पुण्याहून आणलेल्या डझनातला होता. जावयाने कुठे बोलायचं नसतं ते मला कळतं.

यंत्राला बकासुर हे नाव माझ्या आईने दिलं. पण हा बकासुर फार फसवा आहे. महाभारतातल्या मूळ बकासुराला एकचक्रा नगरीतून गाडाभर भात जायचा आणि तो गाडा ओढणाऱ्या रेड्यांसकट, सोबतच्या माणसासकट सगळं पचवायचा. आमच्या बकासुराला वाटीभर भात दिला तरी त्याचं पोट बिघडतं. भात पाण्यात फुगतो आणि पाइपच्या वळणात लगदा होऊन बसतो. शेवग्याच्या शेंगांचा चोथा, मक्याचे केस, कोथिंबिरीच्या काड्या, केळीची सालं नकोत. त्यांचे धागे आतल्या चकतीला गुंडाळतात. कांद्याचा पातळ पापुद्रा नको, तो भरडलाच जात नाही. बटाट्याची सालं ढिगाने नकोत. चहाचा चोथा आणि कॉफीचा गाळ खाली साचतो. हाडं आणि आंब्याच्या कोयी तर नकोतच. तेलतुपाचं नावही काढायचं नाही. हे पथ्यपाणी यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत आहे आणि ते एकदा शांतपणे वाचलं तर लक्षात येतं, की एवढं सगळं वजा केल्यावर मराठी स्वयंपाकघरात या राक्षसासाठी फक्त काकडीची साल आणि पातेल्याला चिकटलेलं वरण उरतं.

हे यंत्र 1927 साली विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावच्या जॉन हॅम्स नावाच्या वास्तुविशारदाने बनवलं. 1935 साली त्याला पेटंट मिळालं आणि 1938 साली त्याने ते विकायला कंपनी काढली. बायकोचे स्वयंपाकघरातले कष्ट वाचावेत म्हणून त्याने हा खटाटोप केला असं सांगतात. असेलही. त्यांच्या घरात पाहुणे किती यायचे ते कुठे लिहिलेलं नाही.

आईचा सुरुवातीला या प्रकाराला तात्त्विक विरोध होता. ती पुण्याची. ओला कचरा एका डब्यात, सुका दुसऱ्यात, आणि सकाळी 'स्वच्छ' संस्थेच्या ताई दारात आल्या की दोन्ही डबे वेगवेगळे त्यांच्या हवाली, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. डबा चुकवणाऱ्या शेजाऱ्यांना ती जिन्यात गाठून समज देते. ती सिंकच्या त्या काळ्या भोकाकडे बघत म्हणाली, "म्हणजे ओला कचरा सरळ पाण्यात सोडून द्यायचा? मग तो जातो कुठे?"

"सांडपाण्याच्या शुद्धीकरण केंद्रात."

"म्हणजे दुसऱ्याच्या दारात."

यावर मी तिला शेजारच्या न्यूयॉर्क शहराचा दाखला दिला. तिथली बरीच गटारं जुनी, पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच नळातून नेणारी. त्या भागांत 1997 सालापर्यंत घरात हे यंत्र बसवायला बंदीच होती. ऐकून आईला त्या शहराविषयी प्रथमच आदर वाटला. त्याआधी आम्ही तिला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दाखवून आणला होता, त्याने हे साधलं नव्हतं.

पण तत्त्वं दोन दिवसांच्या वर टिकवायला माणूस फार कणखर लागतो. एकदा बटण दाबून दुधी भोपळ्याच्या साली डोळ्यांदेखत नाहीशा झाल्या आणि आईचं मन फिरलं. आणि मराठी बाईचं मन एकदा कुणावर बसलं, की ती त्याला जेवायला वाढणारच. दोन घास उरलेली उसळ असो, कुणी पानात टाकलेली तोंडली असोत, "घे रे बाबा, एवढं एवढंच राहिलंय" म्हणत ती त्याला आग्रह करू लागली. आजवर घरातलं उरलंसुरलं वाया जाऊ नये म्हणून तिने स्वतः खाल्लं होतं. आता त्या कामाला वाटेकरी मिळाला होता. तो "नको, पुरे" म्हणत नाही हा त्याचा गुण. तो एकदम आजारी पडतो हा दोष.

शिवाय आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला या यंत्राबद्दल मत असतं. माझा एक मामेभाऊ इथे माझ्याही आधी आला, त्यामुळे अमेरिकेतल्या यच्चयावत वस्तूंवर शेवटचा शब्द त्याचा. तो येतो, फ्रीज उघडतो आणि ट्रेभर बर्फ बकासुराच्या तोंडात ओततो.

"पात्यांना धार लागते याने."

"अरे, आत पाती नसतातच."

"पाती नसतात? मग कापतं कोण?"

कापतच नाही कुणी. आत खाली एक चकती गरगर फिरते. तिच्यावर दोन बोथट, हलते ठोकळे असतात. ते अन्नाला कडेच्या दातेरी कड्यावर फेकतात, तिथे त्याचा भुगा होतो आणि पाण्याबरोबर खाली जातो. बर्फाने आतलं किटण थोडं खरवडून निघतं, एवढं खरं. पण हे सगळं मामेभावाला सांगितलं तेव्हा तो हसून म्हणाला, "तुझ्या मॉडेलला नसतील."

आत्याचा भर गरम पाण्यावर. "कढत पाणी सोड, तूप कसं विरघळून जाईल!" विरघळतं, खरंच विरघळतं. आणि विरघळून पाइपात जिथवर कुणाचा हात पोचणार नाही अशा गार जागी जाऊन पुन्हा थिजतं. म्हणून यंत्र चालवताना पाणी गारच हवं. बटण दाबायच्या आधी सोडायचं आणि खडखड थांबून नुसती घरघर उरली तरी थोडा वेळ चालू ठेवायचं. आत्या हे ऐकते, मान डोलावते आणि गरम पाण्याचा नळ सोडते. तिची फोडणीची कढई आजवर गरम पाण्यानेच निघालेली आहे, आणि त्या अनुभवापुढे पुस्तिकेचं काय चालणार?

या सगळ्या वाढत्या अपचनाचा भडका गणपतीत उडाला. त्या दिवशी घरात उकडीचे मोदक होते. उकड म्हणजे तांदळाची पिठी आणि कढत पाणी. लहानपणी आम्ही याच जातीच्या खळीने पतंग चिकटवायचो, आणि ती खळ वाळली की पतंग फाटायचा पण जोड सुटायचा नाही. मोदक वळायला आई, बायको आणि मंडळातल्या दोन मैत्रिणी बसल्या होत्या. चौघींचे उकडीने माखलेले हात, परात, पातेलं, मोदकपात्र, फाटलेल्या मोदकांचे अवशेष, सगळं धुऊन एकाच तोंडात गेलं. वर नारळाचा चव. पूजेची उपकरणीही कुणीतरी घाईघाईने तिथेच विसळली. मग बटण दाबलं. या वेळी बरोबर बटण होतं.

"हूंऽऽऽ" असा आवाज आला. चकती जागची हलेना.

ही खूण ओळखायला शिकण्यासारखी आहे. नुसतं गुणगुणतंय आणि फिरत नाही, याचा अर्थ मोटर जिवंत आहे पण चकतीत काहीतरी अडकलंय. अशा वेळी तत्काळ बटण बंद करायचं असतं. आमच्याकडे काय झालं, तर आधी सगळी मंडळी सिंकभोवती जमून आवाज ऐकू लागली. "पाणी कमी पडलं असेल." "व्होल्टेज नसेल." "आमच्याकडे असाच आवाज यायचा, तो फ्रीजचा निघाला." इतक्यात आवाजही बंद पडला.

"गेलं," कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं.

"अरे, तू इंजिनियर ना?" आईने विचारलं.

"सॉफ्टवेअर."

"मग बंद करून परत चालू कर."

मी केलं. माझ्या शिक्षणातून एवढं एकच हाती लागलेलं आहे. काही झालं नाही. मोटर जास्त तापली की यंत्र स्वतःच वीज तोडतं. मग थोडा वेळ निवू द्यायचं आणि बुडाशी असलेलं लाल बटण आत ढकलायचं. पण त्याआधी अडकलेलं सोडवायला हवं. त्यासाठी बुडाच्या मधोमध एक षट्कोनी भोक असतं. त्यात ॲलन की घालून चकती मागेपुढे हलवायची. ॲलन कीला आमच्या घरात तोटा नाही. सुट्या भागांतून जोडलेल्या प्रत्येक टेबलाबरोबर, कपाटाबरोबर एकेक आलेली. मराठी माणूस ती टाकत नाही, एक आख्खा खण भरलाय. मी सिंकखालच्या कपाटात आडवा झालो. चार मिलिमीटरची घातली, गरकन फिरली. पाचची फिरली. सहाची अगदी बसल्यासारखी वाटली, मी जोर लावला, आणि ती सटकून माझी बोटं नळीवर आपटली. हे भोक असतं पाव इंचाचं. म्हणजे 6.35 मिलिमीटर. त्या वरच्या 0.35 साठी मी अमेरिकन मोजमाप पद्धतीला मराठीत जे बोललो ते गणपतीच्या दिवशी बोलायचं नव्हतं, असं आईने बाहेरून सांगितलं.

एवढ्यात गुरुजी उठले. आमच्या भागातले गुरुजी शनिवार-रविवारी पूजा सांगतात आणि आठवडाभर एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम बघतात. त्यांनी गाडीच्या डिकीतून पाव इंची किल्ली आणली, मला तंगडी धरून बाहेर ओढलं आणि नेसत्या पीतांबरानिशी स्वतः कपाटात शिरले. "आधी प्लग काढलात का?" आतून आवाज आला. काढला नव्हता. "मग मोदक मला मिळणार होता की माझ्या नावाने कावळ्याला?" प्लग काढला. त्यांनी किल्ली डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे अशी हलवली, आत काहीतरी कट्ट झालं, आणि ते उठून म्हणाले, "आता फुलक्याचा चिमटा द्या. हात कुणी घालायचा नाही, प्लग काढला असला तरी."

चिमट्याने बाहेर आली ती तांब्याची पळी. आचमनाची. पुढचं टोक पार मुडपून गेलेलं. गुरुजींनी ती उलटसुलट बघितली.

"अरेरे," आई म्हणाली, "कुणाची हो ही?"

"माझी," गुरुजी म्हणाले.

दक्षिणेच्या पाकिटात भर पडली आणि लाल बटण दाबताच बकासुर डरकाळी फोडून सुरू झाला. टाळ्या झाल्या. त्या थांबायच्या आत सिंकच्या दुसऱ्या कप्प्यात, जिथे प्रसादाची द्राक्षं चाळणीत निथळत होती, तिथे खालून राखाडी पाणी वर येऊ लागलं. त्यावर खोबऱ्याचा कीस तरंगत होता. यंत्र फिरतंय पण पाणी तुंबतंय, याचा अर्थ चोंदलंय ते पुढच्या पाइपात. उकड वळणावर जाऊन बसली होती. अशा वेळी दुसऱ्या कप्प्याच्या तोंडात फडका कोंबून प्लंजरने दाब द्यावा. मी तो घेऊन आलोही.

"तो संडासातला?" आईचा आवाज चिरका झाला. "आज? घरात गणपती असताना?"

मेव्हण्याने पाइप साफ करायचं जळजळीत रसायन ओतायचा आग्रह धरला होता, त्याला गुरुजींनीच अडवलं. ते आतल्या रबराला सोसत नाही आणि पाइप मोकळा झाला नाही तर जळजळीत पाणी तसंच साचून राहतं, त्यात पुढे हात घालणार तो बिचारा प्लंबर. जेवणं कागदी ताटांत झाली आणि भांडी बाथटबमध्ये.

प्लंबर दुसऱ्या दिवशी आला. त्याने खाली बादली ठेवून पाइपचं वळण सोडवलं, उलटं करून आपटलं, आणि त्यातून वळणाच्याच आकाराचा, पांढरा, घट्ट, किंचित वेलचीचा वास येणारा एक गोळा बादलीत पडला. त्याने तो बोटाने दाबून पाहिला.

"काय आहे हे?"

"पक्वान्न," बायको म्हणाली.

तो मुळीच चकित झाला नाही. इथे असं सगळ्यांकडे होतं, म्हणाला. कुणाकडे पास्ता, कुणाकडे ओटमील. आणि थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी घरोघरी बटाट्याच्या साली आणि टर्कीची चरबी, त्या दिवशी प्लंबराला घरी जेवायला मिळत नाही. हे ऐकून आईला फार बरं वाटलं. बिल पाहून बायकोने प्रत्येक मोदक कितीला पडला ते काढलं आणि पुन्हा कुणापाशी त्याचा उच्चार केला नाही.

बाकीचे आजार किरकोळ. वास येतो तेव्हा सगळे लिंबाच्या साली टाकतात आणि तासाभराने लिंबाचा आणि कुजक्याचा असा दुहेरी वास येऊ लागतो. घाण असते ती तोंडावरच्या रबरी झडपेच्या खालच्या अंगाला. प्लग काढून जुन्या टूथब्रशने ती घासली की वास जातो. गळती वरून असेल तर सिंकच्या कड्याखालची पुट्टी सुटलेली असते, बाजूच्या नळीतून असेल तर पट्टी आवळावी, आणि थेट बुडातून असेल तर आतलं सील गेलं, म्हणजे यंत्राचे दिवस भरले. साधारण दहा-बारा वर्षं ते जगतं. आमच्याकडे मात्र यातलं काहीही असलं तरी खाली श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवला, की दुरुस्ती झाली असं समजतात. डबा भरला की मोठा डबा ठेवतात.

मेव्हण्याने तर स्वतःच्या घरी व्हिडिओ बघून नवं यंत्र आपल्या हाताने बसवलं. उत्तम बसवलं. त्या दिवसापासून डिशवॉशरमधलं पाणी उतरेना. आधी दोष डिशवॉशरला गेला, मग साबणाला, मग भांडी उलटी लावणाऱ्या बायकोला. आठवडाभर त्या घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. डिशवॉशरचं पाणी याच यंत्राच्या बाजूच्या तोंडातून जातं, आणि नव्या यंत्राचं ते तोंड कारखान्यातून एका बुचाने बंद होऊन येतं. बसवण्याआधी ते स्क्रूड्रायव्हर आणि हातोडीने ठोकून पाडायचं आणि तुकडा उचलून घ्यायचा. व्हिडिओत ते पहिल्याच मिनिटाला होतं. मेव्हणा व्हिडिओ दुसऱ्या मिनिटापासून बघतो, सुरुवातीला नुसती प्रस्तावना असते म्हणून.

तेव्हा मुलाकडे, लेकीकडे अमेरिकेला निघालेल्या वाचकांना एवढंच सांगणं आहे. पोचल्यावर आधी सिंकखाली वाकून पाव इंची किल्ली जागेवर आहे का बघा. बहुधा ती पुस्तिकेच्या पिशवीत, पिशवी न फोडता ठेवलेली असते. नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात ती थोडक्या डॉलरांत मिळते आणि प्लंबरच्या एका फेरीपुढे ती फुकटच. भात, उकड आणि तूप मुकाट्याने डब्यात टाका, कुणी कितीही हसलं तरी. आणि घरी पूजा असली, तर गुरुजींची पळी गुरुजींनाच धुऊ द्या.